वाट सांगण्याचे व्याकरण

महाराष्ट्रातील अनेक विद्यापीठे गावाबाहेर वसली आहेत. पुणे विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले ते गणेशखिंडीतील जुन्या राजभवनाच्या आवारात. मराठवाडा विद्यापीठाने १९५८ साली औरंगाबाद लेण्यांच्या डोंगराचा पायथा धरला. १९६२ साली निघालेल्या शिवाजी विद्यापीठाला कोल्हापूरबाहेरचा माळ मिळाला, आणि १९९० साली स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचे आवार जळगाव शहराबाहेर, गिरणेच्या पलीकडे आहे. विद्येचे स्थान गावाबाहेर गेले की गावापासून त्या स्थानापर्यंतची वाट सांगण्याची जबाबदारी कोणावर तरी येते. प्रवेशाच्या पत्रात, परीक्षेच्या सूचनेत, चर्चासत्राच्या निमंत्रणात शेवटी एक परिच्छेद असतो. तो बहुधा घाईने लिहिला जातो, आणि ज्याला वाट ठाऊक आहे अशाच मनुष्याकडून लिहिला जातो.

हा परिच्छेद क्षुल्लक मानण्याची पद्धत आहे. परंतु तालुक्याच्या गावाहून प्रथमच शहरात उतरलेल्या आणि मौखिक परीक्षेस दहा वाजता हजर राहावयाचे असलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने विद्यापीठाने लिहिलेल्या साऱ्या वाङ्मयात तोच परिच्छेद सर्वांत महत्त्वाचा असतो. भाषेच्या अभ्यासकालाही तो क्षुल्लक वाटू नये. स्थल, गती आणि वक्त्याची जागा या तिन्ही गोष्टी भाषा कशा बांधते, हे इतक्या थोड्या शब्दांत दाखविणारा दुसरा लेखनप्रकार क्वचितच सापडेल. प्रस्तुत लेखात या मार्गकथनाच्या मराठीतील रचनेचा विचार करावयाचा आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी या जातीच्या मजकुराचा एक कल्पित नमुना घेऊ: ‘उमेदवारांनी शिवाजीनगर येथे उतरून, गणेशखिंड रस्त्याने वायव्येस जाऊन, चौक ओलांडून, प्रवेशद्वारातून आत येऊन, मुख्य इमारतीच्या उजवीकडील कार्यालयात उपस्थित राहावे.’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. त्यात खोटे असेही काही नाही. तरीही त्यावर विसंबून निघालेला मनुष्य वेळेवर पोहोचेलच याची खात्री देता येत नाही. असे का व्हावे, हा येथील प्रश्न होय.

१. मार्गकथनाचे घटक

मनुष्य स्थलाचे वर्णन कसे करतो याचा शोध गेल्या शतकाच्या उत्तरार्धात अनेकांनी घेतला. लिंडे आणि लबॉव्ह यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात न्यूयॉर्कमधील लोकांना आपल्या बिऱ्हाडाची रचना सांगावयास लावले होते. बहुसंख्य लोकांनी नकाशा काढल्यासारखे वर्णन न करता, ऐकणाऱ्याला हाताशी धरून दारातून आत नेल्यासारखे वर्णन केले. वर्णनाचे रूपांतर त्यांनी नकळत प्रवासात केले. जर्मन अभ्यासक वोल्फगांग क्लाइन यांनी फ्रँकफुर्ट शहरात वाटसरूंना दिलेल्या उत्तरांचे परीक्षण १९८२ साली मांडले. वाट सांगणारा प्रथम मनातल्या मनात ती चालून जातो आणि मग त्या मनातल्या वाटेवरील ठळक खुणा क्रमाने शब्दांत उतरवितो, असे त्यातून दिसून आले. केव्हिन लिंच यांनी १९६० साली शहराच्या मनातील प्रतिमेचे पाच घटक सांगितले होते: वाटा, कडा, विभाग, नाके आणि खुणेच्या वस्तू. मार्गकथन या पाचांपैकी मुख्यतः वाट, नाका आणि खूण या तिघांवर चालते.

मराठी बोलीतील मार्गकथन या निष्कर्षांशी जुळते. तथापि त्या निष्कर्षांत न येणारी काही खास साधने मराठीपाशी आहेत, आणि लेखी मराठीने त्यांतली बरीचशी टाकून दिलेली आहेत.

२. ‘लागणे’ या क्रियापदाचे कार्य

रस्त्यावर उभ्या असलेल्या कोणाही मराठी माणसास वाट विचारली असता ‘पुढे गेलात की देऊळ लागेल’ अशा स्वरूपाचे वाक्य कानी पडते. या वाक्यात कर्ता देऊळ आहे. चालणारा मनुष्य आलाच तर ‘तुम्हाला’ असा चतुर्थीत येतो. ‘लागणे’ याचा मूळ अर्थ स्पर्श होणे, भिडणे. म्हणजे स्थिर देऊळ वाटसरूला येऊन भिडते आणि चालणारा वाटसरू वाक्यात जवळजवळ निश्चल राहतो. प्रवासी आणि परिसर यांच्या भूमिकांची ही अदलाबदल केवळ अलंकारिक नाही. तिच्यामुळे एक माहिती मिळते, जी अन्य क्रियापदाने मिळत नाही.

‘देऊळ लागेल’ आणि ‘देऊळ दिसेल’ या दोन वाक्यांत भेद आहे. दिसणारी वस्तू वाटेपासून दूर, टेकडीवर किंवा नदीपलीकडे असू शकते. लागणारी वस्तू वाटेवर किंवा वाटेच्या काठीच असावी लागते. शिवाय जे ‘लागते’ ते शोधावे लागत नाही. वाट बरोबर असेल तर ते आपोआप समोर येते. म्हणूनच ‘लागेल’ या एका शब्दात सूचना आणि आश्वासन ही दोन्ही असतात, आणि ते न लागल्यास वाट चुकली असा उलट निष्कर्षही वाटसरूला काढता येतो. ‘मग चौक येतो’ यातील ‘येणे’ हे या ‘लागणे’च्या जवळचे आहे, पण त्यात क्रमाचा अर्थ अधिक असून भेटीचा अर्थ उणा आहे.

रस्ताही मराठीत असाच सजीव होतो. तो जातो, वळतो, चढतो, दुसऱ्या रस्त्याला मिळतो, आणि त्याला फाटा फुटतो. ‘फुटणे’ या क्रियापदाने मुख्य रस्ता कोणता व उपरस्ता कोणता हेही सांगून टाकले जाते. ‘डावीकडे एक रस्ता फुटतो’ असे म्हटले की सरळ जाणारा रस्ता मुख्य आहे हे ऐकणाऱ्याने गृहीत धरावयाचे असते. नमुन्याच्या वाक्यात मात्र ‘लागणे’ नाही, ‘येणे’ नाही, ‘फुटणे’ही नाही. तेथे सर्व क्रिया उमेदवाराच्या माथी आहेत आणि परिसर मुका आहे.

३. विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये

पाणिनीने अपादानाची व्याख्या करताना वियोगाच्या प्रसंगी जे स्थिर राहते त्याला अपादान म्हटले आहे. मराठीने या कल्पनेचा विस्तार लक्षणीय रीतीने केला. पंचमीचा ‘-ऊन’ हा प्रत्यय स्थलवाचक अव्ययांना जोडून मराठी निघण्याच्या जागेबरोबरच ओलांडून जाण्याची जागाही दाखविते: पुलावरून, पुलाखालून, खिंडीतून, देवळासमोरून, शाळेमागून, विहिरीजवळून. वाटेवरील प्रत्येक बिंदू क्षणभर गाठावयाचा आणि लगेच सोडावयाचा असतो. म्हणून वाट दाखविण्यास अपादानाचे रूप वापरणे यात एक प्रकारची तर्कशुद्धता आहे.

परंतु या सोयीबरोबर संदिग्धताही येते. ‘शिवाजीनगरवरून बस मिळेल’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. बस शिवाजीनगरहून सुटते असा एक, आणि दुसरीकडून सुटलेली बस शिवाजीनगरला स्पर्श करून जाते असा दुसरा. बोलताना ऐकणारा लगेच विचारू शकतो. पत्र वाचणाऱ्याला ती सोय नसते. येथे ‘सुटणारी’ किंवा ‘जाणारी’ असे एक विशेषण घातले तर संशय राहत नाही.

गंतव्याच्या बाबतीतही असेच आहे. ‘विद्यापीठाला’, ‘विद्यापीठाकडे’ आणि ‘विद्यापीठात’ ही तीन रूपे समानार्थी नाहीत. ‘-कडे’ केवळ दिशा दाखविते, पोहोचण्याची हमी देत नाही. ‘-ला’ गंतव्य दाखविते, पण कोठे उतरावयाचे ते सांगत नाही. ‘-त’ हद्दीच्या आत नेऊन सोडते. काही विद्यापीठांचे आवार शेकडो एकरांचे असते. तेथे ‘विद्यापीठाकडे’ जाणारे वाहन आणि ‘विद्यापीठात’ जाणारे वाहन यांत उन्हातल्या अर्ध्या तासाच्या पायपिटीचे अंतर पडू शकते.

४. अलीकडे, पलीकडे आणि वक्त्याची जागा

या लेखाच्या आरंभी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ ‘गिरणेच्या पलीकडे’ असल्याचे म्हटले आहे. हे पलीकडे कोणाच्या दृष्टीने? जळगाव शहरात उभ्या असलेल्या माणसाच्या. धुळ्याहून महामार्गाने येणाऱ्याला तेच आवार गिरणेच्या अलीकडे लागते, आणि ‘गिरणा ओलांडली की विद्यापीठ’ असे मनाशी धरून आलेला तो प्रवासी पूल ओलांडून थेट शहराच्या वाटेला लागेल.

अलीकडचा भाग आणि मर्यादा यांचा संबंध भारतीय वैयाकरणांच्या फार पूर्वी लक्षात आला होता. अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायात एखाद्या मर्यादेच्या अलीकडील भागाविषयी भविष्यकाळी बोलताना क्रियापदाचे कोणते रूप वापरावे याचा नियम आहे. काशिकावृत्तीने त्यासाठी दिलेले उदाहरण प्रवासाचेच आहे. त्यात पाटलिपुत्रापर्यंत जावयाची वाट आहे, मध्ये कौशांबी ही मर्यादा आहे, आणि तिच्या अलीकडच्या टप्प्यात काय खावयाचे याचा बेत आहे. अलीकडचा टप्पा वक्त्याच्या आवाक्यातला आणि पलीकडचा दूरचा, हा भेद व्याकरणाने नोंदवावा इतका मूलभूत मानला गेला होता.

कार्ल ब्यूलर यांनी १९३४ साली ‘मी, येथे, आत्ता’ या तिघांच्या संगमाला दर्शक शब्दांचे मूळस्थान म्हटले आणि वक्ता हे मूळस्थान कल्पनेने दुसरीकडे हलवू शकतो हेही दाखविले. मार्गकथनात ते सतत हलवावे लागते. वाट सांगणाऱ्याचे ‘येथे’ ऐकणाऱ्याच्या पावलांबरोबर पुढे सरकते. लेखी मार्गकथनाचा मोठा दोष येथेच उद्भवतो. लिहिणारा विद्यापीठात बसलेला असतो. त्याला ‘चौकाच्या अलीकडे’ म्हणजे आवाराची बाजू वाटते. शहरातून येणाऱ्या वाचकाला तीच बाजू पलीकडची असते. ‘येणे’ आणि ‘जाणे’ यांचेही तेच. चार्ल्स फिल्मोर यांनी १९७१ सालच्या व्याख्यानांत या जोडीचे दर्शक स्वरूप विस्ताराने मांडले. नमुन्याच्या वाक्यात ‘जाऊन’ हे प्रवाशाच्या जागेवरून आणि ‘येऊन’ हे लेखकाच्या खुर्चीवरून लिहिलेले आहे. या बदलाने येथे अपाय होत नाही; उलट प्रवेशद्वारापाशी झालेला हा बदल स्वागतासारखा वाटतो. पण अलीकडे व पलीकडे यांच्या बाबतीत असा बदल घडला तर प्रवासी रस्त्याच्या भलत्या बाजूस जातो.

५. डावे-उजवे, उगवत-मावळत, वर-खाली

दिशा सांगण्याच्या पद्धतींचे स्टीफन लेव्हिन्सन यांनी २००३ सालच्या ग्रंथात तीन वर्ग केले. पाहणाऱ्याच्या शरीरावर आधारलेली पद्धत हा पहिला, वस्तूच्या स्वतःच्या तोंडावर व पाठीवर आधारलेली हा दुसरा, आणि पूर्व-पश्चिम किंवा चढ-उतार अशा अचल आधारांवर उभी असलेली हा तिसरा. मराठीत तिन्ही नांदतात. ‘उजव्या हाताला’ ही पहिली, ‘देवळाच्या पाठीमागे’ ही दुसरी, आणि ‘उगवतीला’, ‘मावळतीला’, ‘वरच्या आळीला’, ‘खालच्या अंगाला’ ही तिसरी.

शब्दांचा इतिहास पाहता पहिली आणि तिसरी पद्धत एके काळी एकरूप होत्या. संस्कृतात ‘पूर्व’ म्हणजे पुढचे, ‘पश्चिम’ म्हणजे मागचे, आणि ‘दक्षिण’ म्हणजे उजवे. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या माणसाचा उजवा हात ज्या बाजूस, ती दक्षिण दिशा. ‘दख्खन’ या नावातही तो उजवा हात लपलेला आहे. खेड्यातील माणसाच्या ठिकाणी हे भान अजून जिवंत असते. त्याच्या घराचे दार, शेताचा बांध, गावाची वेस या सर्वांना दिशा असते. परंतु तोच मनुष्य अनोळखी शहरात भर दुपारी बसमधून उतरला की त्याची उगवत हरवते. मग ‘वायव्येस जाऊन’ हा शब्द बरोबर असूनही निरुपयोगी ठरतो. उलट जेथे भूमीच दिशा दाखविते, तेथे तिसरी पद्धत सर्वांत सोपी असते. पूर्वीच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, विद्यापीठ शहराच्या उत्तरेस डोंगराच्या पायथ्याशी आहे. ‘उत्तरेस’ म्हणण्याऐवजी ‘डोंगराच्या बाजूला’ म्हटले तर होकायंत्राची गरज उरत नाही.

नमुन्यातील ‘मुख्य इमारतीच्या उजवीकडील’ या शब्दांत पहिल्या दोन पद्धतींचा घोटाळा आहे. इमारतीला तोंड असते. तिच्या दारातून बाहेर पाहणाऱ्याची उजवी बाजू आणि बाहेरून तिच्याकडे येणाऱ्याची उजवी बाजू परस्परविरुद्ध असतात. बोली मराठीने यावर ‘हात’ हा तोडगा काढला आहे. ‘इमारतीच्या उजवीकडे’ याचे दोन अर्थ होतात. ‘इमारतीकडे तोंड केले की तुमच्या उजव्या हाताला’ याचा एकच होतो, कारण इमारतीला हात नसतो.

६. नावे आणि खुणा

खूण टिकली पाहिजे, लांबून ओळखू आली पाहिजे आणि तिचे नाव वाटेवरच्या माणसाला ठाऊक पाहिजे. या तीन कसोट्यांना एकाच वेळी उतरणाऱ्या खुणा थोड्या. पुण्याचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. विद्यापीठासमोरच्या चौकाचे अधिकृत नाव आचार्य आनंदऋषीजी महाराज चौक असे आहे. लोकांच्या तोंडी मात्र तो विद्यापीठ चौकच राहिला आहे. तेथील उड्डाणपूल ही अनेक वर्षे हमखास खूण होती. २०२० साली तो पाडण्यात आला आणि ‘पुलाखालून’ हा शब्द असलेली सर्व मार्गकथने एका दिवसात कालबाह्य झाली. याउलट गणेशखिंड हे नाव पाहावे. १८९७ च्या जून महिन्यात चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली ती याच नावाच्या रस्त्यावर. आज वाटसरूला खिंड अशी जाणवतही नाही. पण नाव टिकून आहे आणि वाट दाखविते आहे. वस्तू गेली तरी नाव राहते आणि नाव बदलले तरी वस्तू राहते. मार्गकथनकाराने या दोन्ही शक्यता जमेस धरल्या पाहिजेत.

विद्यापीठांची नावेही बदलली आहेत. मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार १९९४ साली, पुणे विद्यापीठाचा २०१४ साली आणि उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा २०१८ साली झाला. नव्या नावांमागे इतिहास आणि दीर्घ आग्रह आहेत, आणि पत्रावर तीच नावे असली पाहिजेत. मात्र वाट विचारणाऱ्याच्या हाती जुने आणि नवे अशी दोन्ही नावे असावीत. कारण उत्तर देणारा कोणते नाव ओळखील हे सांगता येत नाही. कोंढवा बुद्रुक आणि कोंढवा खुर्द यांसारख्या जोडगावांच्या बाबतीत तर विशेषण गाळणे म्हणजे प्रवाशाला भलत्याच गावी धाडणे होय.

७. वाक्यरचना आणि पडताळा

नमुन्याच्या वाक्यात ‘उतरून, जाऊन, ओलांडून, येऊन’ अशी पूर्वकालवाचक धातुसाधितांची साखळी आहे. ही रचना मराठीला प्रिय आहे आणि कथनात ती शोभते. मार्गकथनात मात्र तिचा एक दोष उघड होतो: एक क्रिया संपून दुसरी केव्हा सुरू करावयाची हे ती सांगत नाही. किती वेळ ‘जाऊन’ मग ‘ओलांडून’? बोली मराठी येथे ‘की’ची योजना करते: ‘पूल संपला की लगेच डावीकडे वळायचं’. भूतकाळी रूप भविष्यातील घटनेसाठी वापरून प्रत्येक टप्प्याला एक पडताळा दिला जातो. पूल संपलेला डोळ्यांना दिसल्याशिवाय वळावयाचे नाही, हा त्याचा अर्थ. ‘वळायचं’ हे रूपही लक्षणीय आहे. त्यात ‘वळा’मधील आज्ञा नाही आणि ‘वळावे’मधील कार्यालयीन दूरत्व नाही, वाटेची रीतच तशी आहे असा त्याचा सूर असतो.

बोलीतील मार्गकथनात आणखी एक भाग असतो, जो लेखी मजकुरात क्वचितच सापडतो. तो म्हणजे चूक दाखविणारी खूण: ‘नदी लागली तर पुढे आलात असं समजा.’ ही खूण योग्य वाटेवर नसतेच. ती चुकलेल्या वाटेवर उभी असते. अनोळखी माणूस कोठे चुकेल याचा आधीच विचार केल्याखेरीज ती सांगता येत नाही. म्हणून मार्गकथनातील हा सर्वांत सहृदय भाग म्हणावा लागतो. आज भ्रमणध्वनीतील नकाशा ‘दोनशे मीटरवर डावीकडे वळा’ असे बोलून वाट दाखवितो, आणि वळण चुकले तर मुकाट्याने नवी वाट काढून देतो. त्याची उपयुक्तता निर्विवाद आहे. परंतु त्याच्या आज्ञेत बहुधा देऊळ नाही, पूल नाही, ‘लागेल’ हे आश्वासनही नाही. आणि यंत्र बंद पडले की प्रवाशाच्या मनात वाटेचे कोणतेही चित्र उरत नाही.

८. समारोप

वरील विवेचनाच्या आधारे नमुन्याचे वाक्य पुढीलप्रमाणे लिहिता येईल: ‘शिवाजीनगरच्या बाजूने गणेशखिंड रस्त्याला लागावे. कृषी महाविद्यालय मागे पडले की सरळ जात राहावे. पुढे मोठा चौक लागेल. फलकावर त्याचे नाव आचार्य आनंदऋषीजी महाराज चौक असे आहे. विद्यापीठ चौक म्हणून विचारल्यास कोणीही सांगेल. तेथून औंधचा व बाणेरचा असे रस्ते फुटतात. त्या दोहोंच्या मधे विद्यापीठाचे प्रवेशद्वार आहे. आवाराची हद्द डाव्या हाताला ठेवून चालत राहिलात तर औंधच्या रस्त्याला लागलात असे समजावे. ती उजव्या हाताला आली तर बाणेरच्या. दोन्ही वेळी मागे फिरून चौकात यावे. आत आल्यावर मुख्य इमारतीकडे तोंड केले की कार्यालय उजव्या हाताला लागेल.’

हा मजकूर मूळच्या वाक्यापेक्षा कितीतरी लांब आहे. पण त्यातील एकही साधन नवे नाही. ‘लागणे’, ‘फुटणे’, ‘मागे पडणे’, ‘हाताला’, ‘की’, आणि चुकीची खूण ही सर्व कोणत्याही फाट्यावरच्या चहावाल्याच्या तोंडी असतात. औपचारिक मराठी घडविताना ही साधने ग्राम्य समजून बाजूस ठेवली गेली आणि त्यांच्या जागी ‘वायव्येस’ व ‘उपस्थित राहावे’ आले. भाषेचा दर्जा त्यामुळे उंचावला असेल; तिची वाट दाखविण्याची शक्ती मात्र उणावली. विद्यापीठ गावाबाहेर असणे हा भूगोलाचा भाग आहे. ते वाटसरूला सापडणे हा पुष्कळ अंशी भाषेचा भाग आहे, आणि ती जबाबदारी आतल्या माणसांची आहे.